'गॅस संपलाय' म्हणाला आणि आईचे २,६०० रुपये घेऊन गेला

आम्ही नाशिकला सिडकोत राहतो. फ्रीज एका दाराचा, नऊ वर्षांचा. मे महिन्यात तो थांबेचना. रात्री दोनला पाणी प्यायला उठलं तरी घूं घूं चालूच. आईने नेटवरून नंबर काढून मेकॅनिक बोलावला. मी तेव्हा अंबडला कामावर होतो.

त्याने आईलाच कॉम्प्रेसरला हात लावायला सांगितलं. "मावशी, किती तापलाय बघा. गॅस संपलाय. आज भरला नाही तर कॉम्प्रेसर जाईल, मग आठ हजार." आई घाबरली. फ्रीजमागून फुस्स असा आवाज आला आणि वीस मिनिटांत तो २,६०० घेऊन गेला. पावती नाही. कॉम्प्रेसर चालू असताना तापतोच, हे तिला कोण सांगणार?

तीन दिवसांनीही फ्रीज तसाच. सातपूरला फ्रीज-एसीची कामं करणाऱ्या मामेभावाला बोलावलं. त्याने आधी फ्रीजर उघडला. बर्फ सगळीकडे सारखा होता. गॅस कमी असता तर एखाद्याच भागात धरला असता. मग टॉर्च मारून कॉम्प्रेसरची गॅस भरायची तांब्याची नळी दाखवली. कंपनीने बंद केलेलं टोक तसंच, वरचा काळा रंगही शाबूत. ती न कापता गॅस भरलाच कसा? फ्रीजमधला गॅस वापरून संपत नाही, गळला तरच जातो. मग गळती शोधा, ब्रेझिंग करा (म्हणजे नळी तापवून सांधा), फिल्टर बदला, व्हॅक्यूम काढा (म्हणजे नळ्यांतली हवा ओढून घ्या) आणि वजन करून गॅस भरा. हे वीस मिनिटांचं काम नव्हे.

खरं दुखणं दारात होतं. दहाची नोट दारात धरून दार लावलं, तर वर घट्ट बसली, खालच्या कोपऱ्यात अलगद सुटून आली. तिथलं रबर कडक होऊन वाकलं होतं, म्हणून बाहेरची गरम हवा आत जायची. शिवाय मागच्या जाळीवर बोटभर धूळ, आणि फ्रीज भिंतीला टेकवलेला, त्यामुळे आतली उष्णता बाहेर पडेना. रबर ४५० रुपयांना आलं, जाळी ब्रशने साफ केली, फ्रीज वीतभर पुढे ओढला. त्याच रात्री कॉम्प्रेसर बंद झाल्याचा 'टक्' आवाज आला.

त्या माणसाचा नंबर आता बंद आहे. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करायची तर हातात कागद नाही. आई अजून म्हणते, "माझ्यामुळे पैसे गेले." तिचं काहीच चुकलं नव्हतं. तुमच्या आईवडिलांना ती नोटेची आणि नळीची खूण आजच दाखवून ठेवा.