गॅलरीचे पैसे घेतले आणि टर्बोला न गाळलेले तेल दिले

मूळ टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा वेगवान पंखा) नसलेल्या पेट्रोल इंजिनाला टर्बो बसवून घेताना सगळी चर्चा टर्बोचा आकार, इंटरकूलर (ती दाबलेली हवा थंड करणारा भाग) आणि बूस्ट (त्या हवेचा दाब) यांभोवतीच फिरते. टर्बोला तेल इंजिनाच्या नेमक्या कोणत्या जागेवरून द्यायचे, हा प्रश्न फारसा कोणी विचारत नाही, आणि विचारला तरी मिळालेले उत्तर खरे आहे की नाही हे पडताळणे मालकाला सोपे नसते. माझी फसवणूक नेमकी याच ठिकाणी झाली. मी प्रश्न विचारला होता, उत्तर लेखी घेतले होते आणि त्या कामाची मजुरीही चुकती केली होती. प्रत्यक्षात मात्र ते काम झालेच नव्हते.

इंजिनात तेलाचा पंप संपमधून (तळाच्या तेलपात्रातून) तेल ओढतो आणि ते आधी फिल्टरमधून ढकलतो. गाळलेले तेल मेन गॅलरीत, म्हणजे इंजिनाच्या ब्लॉकमधल्या (मुख्य सांगाड्यातल्या) मोठ्या तेलवाहिनीत येते, तिथून क्रँकशाफ्टच्या बेअरिंगांना जाते आणि नंतर वर हेडकडे, म्हणजे ब्लॉकवर बसणाऱ्या इंजिनाच्या वरच्या भागाकडे चढते. टर्बोसाठी तेल हेडमधून घेतले, तर ते गाडी सुरू केल्यावर उशिरा पोहोचते, शिवाय अनेक इंजिनांत हेडकडे जाणाऱ्या वाटेवर बारीक छिद्र ठेवलेले असल्यामुळे तिथे दाबही कमी मिळतो. म्हणून गॅलरीचा प्लग काढून तिथून, किंवा ऑइल प्रेशर स्विचच्या जागी टी-जोड लावून तेल घेणे हे दोन मार्ग सर्वसाधारणपणे चांगले मानले जातात. मात्र तो स्विच फिल्टरनंतरच्या मार्गावर आहे, याची आधी खात्री करून घ्यावी लागते. वर्कशॉपच्या चालकांनी मला ठामपणे सांगितले होते, “साहेब, आम्ही टी मारून काम उरकत नाही. गॅलरीतूनच थेट लाइन घेतो.” अंदाजपत्रकात आणि पुढे बिलातही गॅलरीचा प्लग काढणे, नवे आटे पाडणे आणि आटे पाडताना पडलेला चुरा ब्लॉकमधून साफ करणे अशी स्वतंत्र मजुरी लावली होती. काम जोखमीचे असते, त्यामुळे ती रक्कम मला अवाजवी वाटली नाही.

गाडी सुरुवातीला उत्तम चालली. पुढे बूस्ट चढताना एक बारीक शिट्टीसारखा आवाज येऊ लागला, सिग्नलला थांबून निघताना निळसर धूर दिसू लागला आणि इंटरकूलरकडे जाणारा पाइप आतून तेलाने ओला झालेला आढळला. वर्कशॉपने टर्बो उतरवला, शाफ्ट हाताने हलवून पाहिला आणि सारा दोष माझ्यावर टाकला: “तुम्ही गाडी गरम असतानाच बंद करता, त्यामुळे आत तेल जळते. नवा टर्बो घ्यावा लागेल.” मी जुना टर्बो ताब्यात मागितला, तेव्हा त्यांनी बरीच टाळाटाळ केली. तो मिळवल्याशिवाय मी तिथून हललो नाही, आणि पुढचे सारे सत्य त्यातूनच बाहेर आले.

दुसऱ्या एका अनुभवी मेकॅनिकने तो माझ्यासमोर खोलला. तेल न मिळाल्याने किंवा अतिउष्णतेने बेअरिंग जाते, तेव्हा शाफ्टवर बहुधा निळी-जांभळी झाक येते आणि आत जळलेल्या तेलाची काळी खरपुडी साचते. इथे शाफ्टचा रंग जसाच्या तसा होता. मात्र बेअरिंग बसते त्या भागावर चोहोबाजूंनी गोल चर पडले होते, इतके की नख फिरवले तर अडकत होते, आणि पितळी रंगाच्या बेअरिंगमध्ये धातूचे चमकणारे कण रुतून बसले होते. टर्बोचा शाफ्ट मिनिटाला १ लाखाहून अधिक फेरे घेतो आणि त्याच्याभोवती तेलासाठी असलेली फट मिलिमीटरच्या काही शतांश भागांइतकीच असते. त्या फटीतून घाण तेल फिरत राहिले, की बेअरिंग सहाणेवर घासल्यासारखे झिजत जाते. मेकॅनिकने एवढेच विचारले, “याला तेल कुठून दिले आहे?”

मी बिल दाखवले. त्यांनी गाडी लिफ्टवर घेतली आणि गॅलरीच्या प्लगवर बॅटरीचा उजेड टाकला. प्लगवर कारखान्यात मारलेली रंगाची खूण अखंड होती आणि षटकोनी खाचेत तेलकट धूळ घट्ट जमलेली होती. त्या प्लगला कोणी पाना लावलेलाच नव्हता. टर्बोची लाइन हीट शील्डच्या मागून, उष्णतारोधक वेष्टणात गुंडाळून फिल्टरपर्यंत नेली होती आणि फिल्टर व ब्लॉक यांच्यामध्ये बसवलेल्या सँडविच प्लेटला जोडली होती.

सँडविच प्लेट ही वस्तू मुळात वाईट नाही. ऑइल कूलरसाठी ती योग्यच असते, कारण कूलरमधून परतलेले तेल पुढे फिल्टरमध्येच जाते. पण नेहमीच्या स्पिन-ऑन फिल्टरमध्ये तेल बाहेरच्या गोल कड्यातील छिद्रांतून आत शिरते आणि गाळून झाल्यावर मधल्या छिद्रातून इंजिनात परतते. माझ्या प्लेटवरचे तोंड त्या बाहेरच्या कड्यात उघडत होते. मेकॅनिकने फिल्टर काढून त्या तोंडातून हवा मारली, तेव्हा ती मधल्या बोल्टमधून न येता कड्यातून आली. म्हणजे इंजिनातील सर्वांत वेगाने फिरणाऱ्या भागाला फिल्टरच्या अलीकडचे तेल मिळत होते.

या फसवणुकीतला सर्वांत घातक भाग असा, की प्रेशर गेजवर ती दिसत नाही. गाडी ताब्यात देताना वर्कशॉपने टर्बोच्या तोंडाशी गेज लावून दाब किती चांगला आहे हे मला अभिमानाने दाखवले होते, आणि तो आकडा खराही होता, कारण फिल्टरच्या आधीचा दाब फिल्टरनंतरच्या दाबापेक्षा किंचित जास्तच असतो. दाब पुरेसा आहे एवढ्यावरून तेल गाळलेले आहे असे ठरत नाही.

जाब विचारल्यावर उत्तर मिळाले, की थंडीत तेल घट्ट असताना फिल्टरचा बायपास व्हॉल्व्ह (तेल न गाळता पुढे सोडणारी झडप) उघडतोच, तेव्हा सगळ्या इंजिनाला न गाळलेलेच तेल जाते, मग टर्बोला गेले तर बिघडले काय? बायपास उघडतो हे खरे आहे, पण फिल्टर वेळेवर बदललेला असेल तर तो तेल गरम होऊन पातळ होईपर्यंतचाच प्रकार असतो. त्याच्या आधारावर कायमस्वरूपी घाण तेल देणे हे शुद्ध बेजबाबदारीचे आहे. आणि न पाडलेल्या आट्यांची मजुरी कशी लावली, या प्रश्नाचे उत्तर त्यांनी आजपर्यंत दिलेले नाही. बिल, फोटो आणि दुसऱ्या मेकॅनिकचा लेखी अहवाल जोडून मी रीतसर तक्रार केली आहे.

आता नव्या टर्बोला गाळलेले तेल गॅलरीतूनच मिळते. जुनी लाइन आतून साफ झाल्याची खात्री देता येत नाही, म्हणून तीही बदलली. हे काम करून घेणाऱ्यांनी प्लग उघडल्यावर, आटे पाडल्यावर आणि जोड बसवल्यावर असे प्रत्येक टप्प्याचे फोटो मागावेत आणि जमल्यास त्या वेळी स्वतः हजर राहावे. जोडाच्या आट्यांचे माप बिलावर लिहून घ्यावे, कारण १/८ एनपीटीला (अमेरिकी पद्धतीच्या आट्यांना) इंचात २७ आटे असतात आणि १/८ बीएसपीटीला (ब्रिटिश पद्धतीच्या) २८; ते जबरदस्तीने एकमेकांत बसवले, तर सुरुवातीला घट्ट वाटतात आणि नंतर गळू लागतात. फिल्टरजवळ नवी प्लेट दिसली, तर हवेची चाचणी आपल्या डोळ्यांसमोर करून घ्यावी. त्यासाठी फक्त फिल्टर काढावा लागतो.