‘लुई लुई’, द किंग्जमेन: चुकांसकट घ्यावी अशी सिंगल

शब्द कळत नाहीत, ही या रॉक बँडच्या रेकॉर्डबद्दलची सर्वांत जुनी तक्रार, आणि ती खरी आहे. ६ एप्रिल १९६३ रोजी ओरेगॉनमधल्या पोर्टलंडला एका छोट्या स्टुडिओत रेकॉर्डिंग झालं. माइक छताजवळ टांगलेला, वाद्यं गायकाभोवती गोल मांडलेली. गायक जॅक इलीला मान वर करून, वाद्यांच्या वर आवाज चढवून ओरडावं लागलं. त्यात दातांना तारा. व्यंजनं विरघळून गेली, जोश तेवढा टेपवर उतरला.

गाणं मुळात रिचर्ड बेरीचं, १९५७ चं. समुद्रावरचा खलाशी जमैकातल्या मैत्रिणीच्या ओढीने बोलतोय, एवढाच मजकूर. पण न कळलेल्या जागी लोकांनी आपापले अश्लील शब्द भरले. १९६४ मध्ये इंडियानाचे गव्हर्नर मॅथ्यू वेल्श यांनी ते रेडिओवर वाजू नये म्हणून पावलं उचलली. एफबीआयने रेकॉर्ड वेगवेगळ्या वेगांनी वाजवून पाहिली. कुठल्याच वेगाला शब्द लागेनात. एवढं होऊनही बिलबोर्ड या अमेरिकन संगीत साप्ताहिकाच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत ती एकूण ६ आठवडे दुसऱ्या क्रमांकावर होती. आक्षेपार्ह असलंच तर सुमारे ५४ व्या सेकंदाला मागून येणारी अस्पष्ट आरोळी. ड्रमर लिन ईस्टनच्या तोंडून तिथे शिवी गेली असं सांगतात. तपास मात्र गाण्याच्या शब्दांभोवतीच फिरत राहिला.

गिटारवर बसवायला सोपं वाटतं, पण बहुतेक जण एकाच जागी चुकतात: ए, डी आणि मग ई मेजर अशा कॉर्ड धरतात. इथे ई मायनर हवा. त्यातला जी नॅचरल हा सूर गेला की रिफचा, म्हणजे पुन्हा पुन्हा येणाऱ्या सुरावटीचा, कडवटपणाच जातो. ठोके ३-२-३-२, मोजून १०. डॉन गालुचीचा इलेक्ट्रिक पियानो हेच धरून चालतो. गिटारने त्याच्यावर कुरघोडी करू नये.

विकत घेताना जपा. इलीने १९६३ मध्येच बँड सोडला, आणि पुढे हेच गाणं पुन्हा रेकॉर्ड होऊन संकलनांत शिरलं. मूळ ओळखायची खूण पक्की आहे: सोलो संपल्यावर, दोन मिनिटांच्या जरा आधी, इली कडवं लवकर उचलतो, चूक कळताच थांबतो, आणि ईस्टन ड्रमवर जादा ठोके वाजवून ती जागा सांभाळतो. हे अडखळणं ऐकू आलं नाही, तर ती प्रत परत करा.