हस्तलिखित आधी की जुनं वस्त्र? 16व्या शतकातला जर्मन पोशाख अभ्यासताना

16व्या शतकातला जर्मन पोशाख नीट समजून शिवायचा असेल, तर त्याचा बेत, म्हणजे कापड कसं कापायचं याची आखणी, मुख्यतः दोन ठिकाणी मिळते. एक म्हणजे शिंप्यांच्या श्रेणींशी, म्हणजे 'त्सुन्फ्ट' या कारागीर-संघांशी, जोडलेली बेताची हस्तलिखितं. दुसरं म्हणजे त्या काळातले टिकून राहिलेले कपडे आणि अभ्यासकांनी ते मोजून काढलेले आराखडे. दोन्हींचा अभ्यास वेळखाऊ आहे, म्हणून सुरुवात कुठून करायची हे आधीच ठरवलेलं बरं.

हस्तलिखितांची मला विशेष ओढ आहे. इन्सब्रुक, एन्स, लेओनफेल्डेन या आज ऑस्ट्रियात असलेल्या गावांची अशी पुस्तकं उपलब्ध आहेत. आकृतीत कापड पसरलेलं असतं आणि त्यात पाठ, पुढचे भाग, बाह्या, कळ्या (घेर वाढवणारे तिरके तुकडे) जागा न दवडता बसवलेल्या असतात. कापड महाग आणि पन्हा अरुंद, त्यामुळे कळीच्या टोकाला सरळ जोड दिला जाई. आज आपण ज्याला ठिगळ म्हणून नाक मुरडू, तो तेव्हा कसबी बेताचा भाग होता. कापड किती लागलं आणि शिंप्याने ते कसं वाचवलं, हे तयार वस्त्र पाहून सहज उमगत नाही. शिवाय बायकांच्या झग्यांबरोबर पाद्र्यांची वस्त्रं, तंबू, घोड्यांच्या झुलीही इथे भेटतात. म्हणजे शिंप्याचं सगळं दुकानच समोर येतं.

अडचणीही तेवढ्याच खऱ्या आहेत. जुनी जर्मन लिपी वाचायला सराव लागतो, त्यात e आणि n ओळखताना डोळे फसतात, आणि शब्दांची वर्तनी गावागणिक बदलते. शिलाईसाठी किती कापड सोडायचं, अस्तर कुठे लावायचं, आधी काय जोडायचं, याबद्दल ही पानं फारसं बोलत नाहीत. ती मुरलेल्या कारागिरांसाठी होती, त्यांना ते सांगावं लागत नव्हतं. सगळ्यात मोठा सापळा म्हणजे 'एले' हे कापडाची लांबी मोजायचं माप. पुढे प्रमाणित झालेल्या आकड्यांनुसार व्हिएन्नाची एले सुमारे 77.8 सेंटिमीटर, तर सॅक्सनीची 56.6. आठ एले कापडात दीड मीटरहून अधिक फरक पडतो! गाव चुकलं की बेत चुकला.

वस्त्रांची बाजू वेगळी. पॅलाटाइन या जर्मन संस्थानी घराण्याची राजकन्या डोरोथेआ साबिना हिचं 1598 मध्ये निधन झालं. लाउइंगेनच्या राजघराण्याच्या दफनगृहातून मिळालेला तिचा पोशाख म्युनिकच्या बव्हेरियन राष्ट्रीय संग्रहालयात आहे. पोशाखांच्या इतिहासाच्या अभ्यासक जेनेट आर्नल्ड यांनी त्याचा आराखडा 1985 च्या आपल्या पुस्तकात दिला. अशा वस्त्रावरून टाका, अस्तर, आतला ताठपणा, काखेचा वळसा हे सगळं कळतं. हस्तलिखितात जे गाळलेलं असतं, नेमकं तेच. मात्र टिकलेलं बरंचसं उमरावांचं, आणि थडग्यातून आलेलं रेशीम अनेकदा जीर्ण झालेलं असतं. एकेका देहाच्या मापावरून सगळ्या शहराचा पोशाख ठरवता येत नाही.

म्हणून ज्याला रंगमंचासाठी किंवा स्वतःसाठी प्रत्यक्ष शिवायचं आहे, त्याने आधी वस्त्राच्या आराखड्याकडे जावं आणि एक चोळीचा भाग स्वस्त कापडात शिवून पाहावा. काखेची आणि खांद्याची जाण आली की हस्तलिखितातली आकृती बोलू लागते. जर्मन येत नसेल तर मध्ये हुआन दे आल्सेगा या शिंप्याचं 1580 चं माद्रिदमध्ये छापलेलं पुस्तक वापरावं. ते स्पॅनिश असलं तरी कापडाचा पन्हा आणि लांबी देतं, बेताची रीतही समजते.

श्रेणींवर, कारागिरांच्या जगण्यावर लिहायचं असेल, तर मात्र थेट हस्तलिखितांनाच हात घालावा. तिथेही पहिलं काम आकृती मोठी करण्याचं नाही. पुस्तक कोणत्या गावचं, त्या गावची एले किती, आणि त्या कापडाचा पन्हा किती, हे आधी शोधून वहीत लिहावं.