नेरूळच्या आमच्या सोसायटीचं ऑडिट आणि भूकंप तपासणी, ५ पैकी साडेतीन स्टार

बिल्डिंग १९९५ची, खाली स्टिल्ट पार्किंग वर सात मजले. तीस वर्षं झाली की दर ३ वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करावंच लागतं म्हणून कमिटीने तीन कोटेशनं मागवली. दोघांचं तेच, हातोडी टकटक, फोटो, बिल. तिसऱ्याने (नाव देत नाही, खाली तक्रार आहे) पार्किंगमधे उभं राहून पहिलाच प्रश्न टाकला, इथे भिंती कुठेयत? आम्ही म्हटलं साहेब पार्किंग आहे, भिंती कशाला.

तिथेच अर्धा तास शिकवणी झाली. वरच्या मजल्यांना विटांच्या भिंतींनी ताठपणा येतो, खाली नुसते कॉलम, म्हणजे जमीन हलली की सगळं वाकणं त्या एका मजल्यावर येतं. २००१च्या भूजच्या भूकंपात अहमदाबाद दोनशे किमीहून लांब होतं तरी तिथल्या अशा पार्किंगवाल्या बिल्डिंगी बसल्या. आणि आपण आयएस १८९३च्या (भूकंपाला टिकणाऱ्या बांधकामाचं भारतीय मानक) २०१६च्या नकाशात झोन ३ मधे, म्हणजे मध्यम धोक्याच्या पट्ट्यात, हे मला पन्नाशीत कळलं!

काम मनापासून केलं. रिबाऊंड हॅमर आणि अल्ट्रासोनिक (काँक्रीट किती चांगलं ते), हाफ सेल (सळईचा गंज), कोअर (काँक्रीटमधून कापून काढलेला गोल तुकडा) सगळं. कोअरवर फिनॉल्फ्थेलिन (अल्कली असेल तिथे गुलाबी होणारं रसायन) फवारलं तेव्हा आतला भाग गुलाबी झाला आणि बाहेरचा ३० मिमी तसाच राहिला, तळमजल्याच्या काकू म्हणाल्या रंग बदलला नाही म्हणजे बरंच ना, तर उलट, तिथपर्यंत हवेतला कार्बन डायऑक्साइड मुरून काँक्रीटची अल्कली संपलीय आणि आता सळईला गंजापासून काही संरक्षण नाही. एका कॉलमचं कव्हर (सळयांवरचा काँक्रीटचा थर) फोडून रिंगा (उभ्या सळयांना वेढणाऱ्या आडव्या सळया) पण दाखवल्या, आठ-आठ इंचांवर आणि हुक ९० अंशात. हवा १३५, टोक आत काँक्रीटमधे वळलेलं, नाहीतर हादऱ्यात कव्हर निघालं की रिंग उघडते आणि उभ्या सळया बाहेर फुगतात. प्लास्टरवरून हे कोणालाच दिसलं नसतं.

रिपोर्टमधे कॅटेगरी आली सी-२बी, म्हणजे घरं रिकामी न करता दुरुस्ती. ग्रुपवर पेढ्यांचे इमोजी. पण ही कॅटेगरी आजची झीज सांगते, हादऱ्याचं काही नाही, आणि त्याच रिपोर्टच्या दुसऱ्या भागात (आयएस १५९८८, म्हणजे जुन्या बिल्डिंगींच्या भूकंप तपासणीच्या मानकाप्रमाणे) स्टिल्टचे बहुतेक कॉलम नापास. तो भाग कोणी उघडलाच नाही.

आता तक्रार. रिपोर्ट सहा आठवडे उशिरा, दीडशे पानं, एकही ओळ मराठीत नाही. कोअरची भोकं आठ दिवस उघडी, शेवटी आम्हीच ग्राउट करून घेतली. फी जास्त होती, पण पुढचा माणूस फक्त हातोडी मारणार असेल तर तुलनाच चुकीची आहे, कोटेशनमधे भूकंप तपासणी वेगळी लिहिलीय का ते आधी बघा.

उपाय दिलाय कॉलम जॅकेटिंग (कॉलमभोवती नवा मजबूत थर) आणि स्टिल्टमधे चार ठिकाणी आरसीसी भिंती, त्यात सहा पार्किंग जातात. एजीएम रविवारी आहे, सहाही गाड्यावाले आत्ताच वकिलाशी बोलून आलेत.