डान्स स्पर्धेचे ‘फोटोग्राफी राइट्स’ विकत घेताय? आधी हे वाचा

गॅदरिंग आणि डान्स स्पर्धांचा सीझन तोंडावर आलाय, म्हणून लिहितोय. फोटोग्राफर मंडळींनी वाचा, पालकांनीही वाचा. लहान मुलांच्या ‘राष्ट्रीय’ स्पर्धा कशा चालतात हे आपल्याला नवीन नाही. प्रत्येक पोरामागं प्रवेश फी, प्रत्येकाला कुठला ना कुठला नंबर, गुडघ्याएवढी ट्रॉफी, आणि आयोजक पुढच्या गावाला. त्यात आता फोटोग्राफरला कापायची तऱ्हा निघालीय. माझे ४९,५८० रुपये गेले. वकिलाच्या नोटिशीचे २,५०० धरले तर ५२,०८०.

गोष्ट डिसेंबर २०२४ ची. ८ ऑगस्टला केशवराव भोसले नाट्यगृह जळालं, त्यानंतर कोल्हापुरात मोठ्या स्टेजची बोंबच होती. त्यामुळं ‘हॉल मिळेना, मंगल कार्यालयात घेतोय’ असं आयोजक म्हणाला तेव्हा कुणालाच वावगं वाटलं नाही. मला म्हणाला, “भाऊ, दोन दिवसांचे एक्स्क्लुझिव्ह राइट्स तुमचे. आत दुसरा कॅमेरा येणार नाही. पालकांना फोटो तुम्हीच विकायचे, आम्हाला फक्त रॉयल्टी.” रॉयल्टी ३५,०००. त्यातले १०,००० यूपीआयनं घेतले आणि २५,००० रोख. पावती मागितली तर “सर्टिफिकेट वाटपाच्या वेळी सगळ्यांच्या पावत्या एकदम देतोय” म्हणाला. आपल्या धंद्यात ॲडव्हान्सची पावती कोण देतं-घेतं, ते मला कुणी शिकवू नका. लग्नाच्या ऑर्डरी आपण फोनवरच घेतो.

बाकीचा हिशेब असा. दोन पोरं हाताखाली, दिवसाला १,५०० प्रमाणे दोन दिवसांचे ६,०००. लांबून फोटो घेणारी ७०-२०० लेन्स भाड्यानं, २,४००. रिटचिंगला, म्हणजे फोटो सुधारायला, एक मुलगा बसवला, फोटोमागं १५ रुपये, ४१२ फोटोंचे ६,१८०.

हे काम सोपं नसतं हो. मुलांचा नाच म्हणजे फ्लॅश मारायचा नाही, लहान पोरगी दचकून स्टेप विसरते. मग कमी उजेडासाठी दोन पॉइंट आठवर उघडी लेन्स, नाच हलू नये म्हणून शटर सेकंदाच्या पाचशेव्या भागाहून जलद, आणि आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड पकडायची ताकद, जाईल तिकडं जाईल. त्यात हल्ली सगळीकडं स्टेजचे रंगीत एलईडी पार लाइट. लाइटवाल्यानं निळा-जांभळा सोडला की चेहऱ्याचा खरा रंग फाइलमध्ये उरतच नाही. तो परत आणायला एकेका फोटोला वेळ जातो. मेकअपचं पॅनकेक घामानं फुटलेलं असतं, गजरा सुटलेला असतो, मागं ‘बाहेर जाण्याचा मार्ग’ अशी पाटी नेमकी डोक्यावर आलेली असते. ते सगळं काढायचं. आयोजकानं मात्र वर सांगितलं, “सगळी पोरं गोरी करा, पालकांना तेच आवडतं.” मी केलं नाही. सहा वर्षांच्या पोरीचा रंग बदलून तिच्या आईला विकायचा, हा धंदा मला जमत नाही.

आता मुद्द्याचं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बक्षीस समारंभ लांबला होता. पोरं पेंगुळलेली, आया कावलेल्या. मी एका कोपऱ्यात लॅपटॉप घेऊन बसलेलो, तिथं आयोजक आला. “भाऊ, सर्टिफिकेटवर मुलांचे फोटो छापायचेत, प्रिंटर फोनवर थांबलाय. फोटोवरचा तुमच्या स्टुडिओचा लोगो काढून फुल साइज टाका.” कानाला फोन होताच, पलीकडं कोण होतं देव जाणे. सर्टिफिकेटवर फोटो छापतात तो अंगठ्याएवढा! त्याला सहा हजार पिक्सलची फाइल कशाला लागते? आणि ट्रॉफीच्या टेबलावर सर्टिफिकेटांचा गठ्ठा आधीच पडला होता. छापलेला. माझ्या डोळ्यांसमोर, चार हातांवर. हे रात्री आडवं पडलं की आठवतं आणि उठून बसतो. पण समोर दीडेकशे पोरं सर्टिफिकेटसाठी ताटकळलेली, आया मलाच विचारताहेत “दादा, तुमच्यामुळं अडलंय होय?” तिथं तुम्ही असता तर तुम्हीही पेनड्राइव्ह दिला असता. ४१२ फाइली, बिनलोगोच्या.

लोगो नसलेली फाइल पूर्ण पैसे आल्याशिवाय सख्ख्या भावालाही देऊ नका.

त्यानंतर आठवडाभरात पालकांच्या ग्रुपवर क्यूआर कोड फिरला. ‘फोटो सेट आणि फ्रेम, ६५० रुपये, ऑफिशियल’. मी त्या ग्रुपात नव्हतोच, मला घेतलंच नव्हतं. कोड स्कॅन केला की नाव यायचं ते स्पर्धेचं नव्हे, भलत्याच बाईचं. पालकहो, पैसे पाठवण्याआधी ते वरचं नाव वाचत जा की! माझ्याकडं ज्यांचे स्क्रीनशॉट आले त्या ८७ जणांचेच ५६,५५० होतात. फाइली व्हॉट्सॲपवर गेल्या, फ्रेमा कुणालाच नाहीत. आणि स्टेजवर माझ्या स्टुडिओचा बॅनर लागलेला, म्हणून लोक माझ्या दारात. शेजारचे दुकानदार बघत असताना एक आई म्हणाली, “पैसे घेतलासा न्हवं? मग फ्रेम कुठाय?” वीस वर्षं या गावात कॅमेरा धरतोय, असं कुणी बोललं नव्हतं.

आयोजकाचा फोन तोवर बंद.

मग पोलीस ठाण्यात गेलो. अंमलदार म्हणाले, “व्यवहार आहे, दिवाणी बाब आहे, कोर्टात जावा.” म्हटलं, साहेब, खोटं सांगून पैसे आणि माल काढून घेतला, भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ फसवणुकीचंच आहे ना? तर म्हणाले, “तुम्ही वकील आहात का?” मग सायबर पोलिसांकडं पाठवलं. सायबरवाले म्हणाले, पैसे तुम्ही स्वतः, ओळखीच्या माणसाला, ओटीपी न सांगता दिलेत, हे सायबरमध्ये बसत नाही, ठाण्यात जा. सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० वर, फोन लावला, तर पैसे जाऊन किती तास झाले हा पहिला प्रश्न. तास! ठाण्यात परत गेलो तर आता “आयोजक पुण्याकडचा, तिकडं तक्रार द्या.” गुन्हा कुठल्याही हद्दीतला असला तरी माहिती नोंदवून घ्यायची, असं नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये लिहिलंय. आणि इथं तर गुन्हाही कोल्हापुरातच घडलाय! शेवटी साधा अर्ज घेतला. पोच मागितली तर साहेब जेवायला गेलेले.

पुरावा काय, म्हणे. त्याच्या नव्या जाहिरातीत लावणीतल्या एका मुलीचा फोटो आहे. माझ्या रॉ फाइलमध्ये, म्हणजे कॅमेऱ्यातून निघालेल्या मूळ फाइलमध्ये, तिच्या नऊवारीच्या खांद्यावर मोठी सेफ्टीपिन दिसते, जाहिरातीत ती पिन नाही, कारण ती मी काढलीय. पिनेच्या जागी काठाची नक्षी मी शेजारच्या बुट्टीवरून घेऊन बसवली, त्यामुळं तिथं एक कोयरी उलटी आलीय. जाहिरातीतही ती उलटीच आहे. हे मी स्क्रीनवर मोठं करून दाखवलं. साहेब म्हणाले, “पोरगी चांगली नाचतीय.” त्या पोरीच्या बापाला विचारलं, तर जाहिरातीसाठी परवानगी कुणी मागितलीच नव्हती.

एक लक्षात ठेवा, व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवलं की फाइलीतली कॅमेऱ्याची माहिती पुसली जाते. रॉ फाइली जपा, कार्ड फॉरमॅट करू नका.

वकिलानं एक गोष्ट कामाची सांगितली. कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणं कुणी पैसे देऊन फोटो काढून घेतले, तर वेगळा करार नसेल तेव्हा मालकी पैसे देणाऱ्याची. इथं पैसे तर उलट मीच दिलेत, म्हणजे फोटो माझे. कागदावर जिंकलोय. आता कोल्हापुरात हायकोर्टाचं सर्किट बेंच आलंय, ऑगस्ट २०२५ पासून, चांगलंच झालं. पण पन्नास हजारांसाठी तारखा मोजायला मला सीझन सोडावा लागेल, आणि त्यालाही हे पक्कं ठाऊक आहे. नोटीस ‘पत्त्यावर राहत नाही’ शेऱ्यानं परत आली.

करार स्टॅम्पपेपरवरच करा, पाचशेचा लागतो आता, लागू दे. त्यात फोटो कुणाचे, विकायचे कुणी, बिनलोगोची फाइल कधी, हे तीन मुद्दे आलेच पाहिजेत. आयोजकाचं आधार कार्ड नको, त्याच्या मागच्या गावातल्या फोटोग्राफरचा नंबर मागा. तो देणार नाही.

ज्या पालकांनी त्या क्यूआरवर ६५० भरलेत त्यांनी स्क्रीनशॉट घेऊन दुकानात यावं. फ्रेम मला परवडत नाही, पण तुमच्या मुलांच्या फाइली फुकट देतो. त्या बदल्यात तक्रार अर्जावर सही करा. एकट्याचा अर्ज बाजूला पडतो, ८७ जणांचा पडणार नाही. इचलकरंजीत त्याच माणसाची नव्या नावानं जाहिरात फिरतेय, उलट्या कोयरीसकट, आणि प्रवेश फी आता १,८०० केलीय.