पुढची इयत्ता की हीच इयत्ता, पण खोलात?

लेकीने चौथीचं गणित दिवाळीच्या आत संपवलं. संपवलं म्हणजे खरोखर संपवलं. मधलं कुठलंही पान उघडून विचारलं तरी उत्तर तयार, आणि चेहऱ्यावर ‘हे काय विचारता बाबा’ असा भाव. घरी शिकवणाऱ्या बापाला याचा आनंद व्हायला हवा. माझ्या पोटात गोळा आला, कारण उरलेले सहा महिने हिला द्यायचं काय?

घरशिक्षण कायद्यात बसतं का, शाळेत का घातलं नाही, ‘चार मुलांत मिसळणार कशी’, हे सगळं इथे गाळतो. तुम्ही त्यातून गेला असालच. प्रश्न एवढाच आहे की मूल अभ्यासक्रमाच्या पुढे गेलंय, कंटाळलंय, गणिताच्या वहीत समासभर राक्षस काढत बसलंय. अशा वेळी पुढच्या इयत्तेची पुस्तकं हातात द्यायची, की त्याच इयत्तेत राहून खोलात शिरायचं? आम्ही दोन्ही करून पाहिलं. आधी आठेक महिने पहिलं, मग साधारण सव्वा वर्ष दुसरं. प्रयोग एकाच मुलीवर झालाय, तेव्हा याचा नियम करू नका.

पुढे पळवण्याच्या बाजूने बोलण्यासारखं बरंच आहे. बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट मिळतात. पालकाला तयारी जवळजवळ शून्य. मी घरून नोकरी करतो. सकाळी पुस्तक हातात द्यायचं आणि मिटिंगला बसायचं, हे जमत होतं. शिवाय प्रगती डोळ्यांना दिसते. पाचवीचं गणित संक्रांतीपर्यंत उरकलं, सहावीचं मे महिन्यात. आत्या-मावश्या विचारायच्या, ‘कितवीत गं तू?’ आणि आम्ही सांगायचो, ‘वयाने चौथीत, गणिताने सहावीत.’ या वाक्याची चव मलाही आवडायला लागली होती, खोटं कशाला सांगू.

संशोधनही बरंचसं याच बाजूला झुकतं. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात ज्युलियन स्टॅनली यांनी १९७१ मध्ये गणितात फार पुढे असलेल्या मुलांचा अभ्यास सुरू केला, आणि त्यांचा कल उघडच अशा मुलांना झपाट्याने पुढे जाऊ देण्याकडे होता. माझ्याकडे एक मुलगी आणि एक डायनिंग टेबल आहे. तेव्हा तराजूत काय किती वजनाचं, ते तुमचं तुम्ही बघा.

तरीही मी ते थांबवलं, आणि थांबवण्याचं कारण ऐकायला अगदी क्षुल्लक आहे. रीत.

सहावीपर्यंत ती तोंडी निभावून नेत होती. जूनमध्ये सातवीचं पुस्तक उघडलं, पूर्णांकांचे गुणाकार-भागाकार, मग परिमेय संख्या, पुढे बैजिक राशी, आणि तिथे रीत लिहिल्याशिवाय चालत नाही. ओळीखाली ओळ, बरोबरच्या चिन्हाखाली बरोबरचं चिन्ह. लेक उदाहरण वाचायची, छताकडे बघायची आणि उत्तर सांगायची. बहुतेक वेळा बरोबर. ‘रीत लिही’ म्हटलं की भांडण. दुपारी चार वाजता, रोज. ‘उत्तर बरोबर आलं ना? मग कशाला?’

मी काय उत्तर द्यायचो माहितेय? ‘परीक्षेत मार्क कापतात.’ जिला परीक्षाच नाही तिला! मुलीला शाळेत घातलं नाही ते ज्या धाकापासून दूर ठेवायला, तोच धाक मी घरी डायनिंग टेबलावर मांडून बसलो होतो. बायकोने हे एकदा शांतपणे दाखवून दिलं आणि त्यानंतर मला ते वाक्य तोंडातून काढता येईना.

त्यात हात नऊ वर्षांचा. डोकं सातवीत, बोटं चौथीत. दोन उदाहरणांची रीत लिहून झाली की हात झटकायचा, पेन्सिल टाकून द्यायची. उपाय करून पाहिले. ती सांगेल, मी लिहीन, यात मी तिचा कारकून झालो. पांढऱ्या फळ्यावर मार्करने लिहायचं, ते आठवडाभर चाललं. दुसऱ्या कुणाच्या घरी एवढ्यावर भागलंही असतं. आमच्याकडे मात्र त्या वादातून एक वाईट सवय लागली. ती पुस्तक उघडलं की आधी शेवटचं पान बघायची. ‘अजून किती राहिलंय?’ चौथीत असताना हा प्रश्न तिने कधी विचारला नव्हता.

आणि एवढं धावून पोहोचायचं कुठे? एनआयओएसची, म्हणजे शाळेत न जाता परीक्षा देता येते त्या राष्ट्रीय मुक्त विद्यालयी संस्थेची, दहावी द्यायला किमान १४ वर्षं पूर्ण लागतात, बारावीला १५. ज्या वेगाने आम्ही चाललो होतो त्या वेगाने लेक अकराव्या वर्षी दहावीच्या पुस्तकाशी येऊन उभी राहिली असती, आणि पुढे तीन वर्षं बंद दाराबाहेर बसली असती.

खोलात जाणं मी काही विचारपूर्वक निवडलं नाही. जुलैतली दुपार होती, बाहेर धो धो पाऊस, आत रीतीवरून भांडण. मी वैतागून सातवीचं पुस्तक मिटलं आणि म्हटलं, चार आकडी कुठलीही संख्या घे, फक्त चारही आकडे सारखे नकोत. आता ते आकडे उतरत्या क्रमाने लिही, चढत्या क्रमाने लिही, आणि मोठीतून लहान वजा कर. आलेल्या उत्तराचं पुन्हा तेच कर.

आम्ही नाशकात राहतो. देवळाली आमच्यापासून रिक्षाच्या अंतरावर, आणि हे गंमतीदार प्रकरण तिथल्याच एका शाळामास्तरांचं. द. रा. कापरेकरांना १९४९ मध्ये सापडलेलं. लेकीने ३५२४ घेतली. ५४३२ वजा २३४५, ३०८७. मग ८७३० वजा ०३७८, ८३५२. मग ८५३२ वजा २३५८, ६१७४. आणि ६१७४ चं केलं तर परत ६१७४. दुसरी संख्या घेतली, तरी ६१७४. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत तिथेच यायचं, हे मी तिला सांगितलं नाही. तिने वहीची अकरा पानं वजाबाक्यांनी भरली. हातच्याच्या वजाबाक्या, ज्या चौथीच्या पुस्तकातल्या पाचसुद्धा तिला नकोशा व्हायच्या. हात दुखतो म्हणाली नाही. हात दुखणं खोटं नव्हतं, हे मी आजही मानतो. पण सगळा दोष हाताचा नव्हता एवढं कळलं.

खरी मजा पुढे. तीन आकडी संख्यांनी ती ४९५ वर पोहोचली. दोन आकडी घेतल्या तर कुठे थांबेचना. संध्याकाळी स्वयंपाकघरात येऊन ओरडली की हे गोल फिरतंय. ८१ वरून ६३, त्यावरून २७, मग ४५, मग ९, आणि ९ ला ०९ धरलं की परत ८१. हे तिला दिसलं, कारण तिने सगळ्या पायऱ्या एकाखाली एक लिहून ठेवल्या होत्या. म्हणजे रीत! ज्या रीतीसाठी मी महिनाभर घसा फोडला, ती तिने आपणहून लिहिली होती, कारण न लिहिती तर आपण कुठे आहोत हे तिचं तिलाच कळलं नसतं. बरोबरची चिन्हंही एकाखाली एक होती. माझ्यापुरता निकाल त्या संध्याकाळी लागला.

पुढच्या आठवड्यात तिने विचारलं की सगळ्या उत्तरांना ९ ने भाग का जातो. आता हे ‘कुठल्याही संख्येबद्दल’ सांगायचं तर अक्षरं लागतात. दशकाचा आकडा अ, एककाचा ब. दहा अ अधिक ब, त्यातून दहा ब अधिक अ वजा. उरतं नऊ गुणिले अ वजा ब. सातवीच्या पुस्तकातल्या ज्या बैजिक राशींवरून आम्ही भांडत होतो, त्यांच्याकडे ती आपल्या पायांनी गेली. म्हणून खोलात जाणं म्हणजे चौथीतच बसून राहणं, असं समजू नका. पुढचं येतंच, फक्त गरज पडेल तेव्हा आणि वेड्यावाकड्या क्रमाने येतं.

गणिताबाहेरही असंच झालं. चौथीचा इतिहास म्हणजे शिवाजी महाराज, तो तिने गोष्टीसारखा वाचून टाकला. पुढे पळवायचं तर पाचवीचं पुस्तक द्यायचं. त्याऐवजी आम्ही रामशेजला गेलो, नाशिकपासून जवळच. संभाजीराजांच्या काळात, १६८२ पासून, मोगलांनी या किल्ल्याला वेढा घातला आणि किल्ला वर्षानुवर्षं पडला नाही. वर सहाशे मावळे होते असं सांगतात. लेकीचा पहिला प्रश्न, ‘प्यायचे काय?’ वर कातळात खोदलेली टाकी आहेत. एक टाकं तिने पावलांनी मोजलं, आठ मीटर बाय पाच निघालं, खोली अंदाजाने दोन धरली. ऐंशी घनमीटर म्हणजे ऐंशी हजार लिटर. माणशी चार लिटर धरले तर सहाशे जणांना दिवसाला २,४०० लिटर, म्हणजे हे एक टाकं ३३ दिवस. मग बाकीची टाकी, पाऊस, उन्हाळ्यात उडून जाणारं पाणी, घोडे होते की नव्हते, असं ते प्रकरण तीन आठवडे चाललं. त्यात घनफळ आलं, भागाकार आला, किल्ल्याचं चित्र आलं आणि वेढ्यातल्या एका पोराची तिने लिहिलेली गोष्टही. समासातले राक्षस कमी झाले. पूर्ण गेले नाहीत, आणि जाऊही नयेत.

आता तोट्यांबद्दल, कारण ते कमी नाहीत. पहिला म्हणजे पालकाचा वेळ. पुस्तक देऊन मिटिंगला बसणं संपलं. रात्री जेवणं झाल्यावर मी उद्यासाठी काहीतरी शोधत बसतो, आणि दर तिसऱ्या वेळी तरी माझं शोधलेलं तिला आवडत नाही. दुसरं, खड्डे राहतात. आठ महिन्यांनी लक्षात आलं की दशांश अपूर्णांकांना या काळात आम्ही हातच लावलेला नाही, आणि पाचवी-सहावीत पळत उरकलेलं ती विसरून गेली आहे. दुकानातलं बिल बघताना ती ‘हे टिंब कशाला?’ म्हणाली तेव्हा मला घाम फुटला. तिसरं, दाखवायला काही नसतं. आत्याने परवा पुन्हा ‘कितवीत गं?’ विचारलं, तर लेक म्हणाली, ‘पाच आकडी संख्यांत.’ तिथे कापरेकरांसारखी एकच संख्या मिळत नाही, ५३९५५ आणि ५९९९४ एकमेकींकडे चेंडू टाकत बसतात. पण हे आत्याला कसं समजावणार? ती माझ्याकडे काळजीने बघत राहिली.

पुण्यात असतो तर कदाचित ज्ञान प्रबोधिनीकडे तरी विचारायला गेलो असतो. आप्पा पेंडशांनी ती १९६२ मध्ये प्रज्ञावंत मुलांसाठीच काढली. इथे आमचं आम्हीच.

खड्ड्यांवर आम्ही एक तोडगा काढला, तो तुम्ही दोन्हीपैकी काहीही निवडलंत तरी कामाचा आहे. दूध आटवतात तसा अभ्यासक्रम आटवायचा. धडा सुरू करण्याआधीच त्याच्या शेवटची उदाहरणं द्यायची. दहातली आठ बरोबर आली की धडा सोडून द्यायचा, चुकलेल्या दोनांपुरतंच शिकवायचं. आठवड्यातल्या दोन सकाळी यात जातात, उरलेल्या तीन मोकळ्या. कल्पना माझी नाही, अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ जोसेफ रेन्झुली यांनी ती फार पूर्वी मांडली. त्यांनीच १९७८ मध्ये लिहिलं होतं की प्रज्ञा म्हणजे नुसती बुद्धी नव्हे. बुद्धी, सर्जनशीलता आणि हातातल्या कामाला चिकटून राहणं, ही तीन वर्तुळं जिथे एकमेकांत शिरतात तिथे ती असते. आमच्या घरी पहिली दोन वर्तुळं आधीपासून होती. पुढे पळवलं त्या आठ महिन्यांत तिसरं आकसत चाललं होतं, असं मला वाटतं. मोजलेलं नाही. ‘अजून किती राहिलंय’ हा प्रश्न बंद झाला, एवढाच माझ्याकडचा पुरावा.

तुमचं मूल रीत आनंदाने लिहीत असेल, त्याला पुस्तक संपवण्यातच मजा येत असेल, किंवा तुम्हा दोघांच्या नोकऱ्या अशा असतील की दिवसातून तासभरही सलग मिळत नाही, तर बिनधास्त पुढे जाऊ द्या. परीक्षेच्या वयाची अट तेवढी आधी बघून ठेवा. मूल मनातल्या मनात उत्तर काढून मोकळं होत असेल, चित्रं काढत असेल, भलतेच प्रश्न विचारत असेल, तर पुढच्या इयत्तेचं पुस्तक मागवण्याआधी एक पावसाळा थांबून बघा, असं सुचवेन. फार तर तीन महिने जातील, आणि पुस्तक काही कुठे पळून जात नाही. आमचं सातवीचं अजून कपाटात आहे. परवा तिने पायथागोरसचा धडा आपणहून काढला, कारण रामशेजच्या नकाशावर तिला तिरकं अंतर हवं होतं. बाकीचं पुस्तक तसंच आहे. दशांशाचं मात्र मी दर बुधवारी घेतो, तिला आवडो न आवडो.