गळाशी लीडर जोडावा की रिळावरचाच तंगूस पुरे?

तापी, गिरणा किंवा वाघूरच्या पाण्यात गळ टाकणाऱ्याने रिळावरचाच दोर थेट गळापर्यंत न्यावा की शेवटचे दोन-तीन हात लीडरचे, म्हणजे मुख्य दोर आणि गळ यांच्यामधल्या वेगळ्या दोराच्या तुकड्याचे जोडावेत, हा निर्णय दुकानातल्या किमतीवरून घेऊ नये. पाणी किती नितळ आहे, तळाशी गाळ आहे की खडक आणि रिळावर मुळात कोणता दोर भरलेला आहे, हे आधी पाहावे.

रिळावर नायलॉनचा साधा तंगूस असेल आणि गाळाच्या तळावर रोहू-कटल्यासाठी बसायचे असेल, तर माझ्या मते लीडरची गरज नाही. नायलॉन चांगले ताणले जाते, त्यामुळे माशाचा पहिला हिसका दोरच सोसतो. शिवाय त्याची गाठ सहज बसते आणि तो स्वस्तही पडतो. मात्र तो पाणी शोषतो, भिजल्यावर त्याची ताकद काहीशी घटते आणि खानदेशातल्या वैशाखाच्या उन्हात पडून राहिल्यास तो कमकुवत होतो, म्हणून तो वेळच्या वेळी बदलावा लागतो.

लीडरसाठी सहसा फ्लुरोकार्बन, म्हणजे नायलॉनहून वेगळ्या प्लास्टिकचा एकपदरी दोर, वापरतात आणि तो पाण्यात दिसत नाही, असे सांगून विकला जातो. यात तथ्य आहे, पण अर्धेच. अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश किती वाकतो याचे माप, पाण्याच्या जितके जवळ, तितका दोर पाण्यात कमी दिसतो; पाण्याचा अपवर्तनांक १.३३, फ्लुरोकार्बनचा सुमारे १.४२ आणि नायलॉनचा १.५ च्या पुढे असल्याने नितळ पाण्यात फ्लुरोकार्बन कमी उठून दिसतो. परंतु पावसाळ्यात तापी-पूर्णेचे गढूळ लोंढे हतनूरच्या जलाशयात उतरतात, तेव्हा या गुणाचा उपयोग जवळजवळ उरत नाही. त्याचा खरा फायदा घासणीत आहे. नदीपात्रातल्या काळ्या खडकांच्या धारेवर साधा तंगूस लवकर खरवडला जातो, तर फ्लुरोकार्बन जास्त टिकतो. तरीही प्रत्येक मोठ्या माशानंतर गळाजवळचा वीतभर दोर नखावरून ओढून पाहावा आणि खरखर लागल्यास तेवढा तुकडा कापून गाठ नव्याने मारावी.

रिळावर ब्रेडेड, म्हणजे अनेक बारीक धागे विणून केलेला दोर असेल, तर खडकाळ जागी लीडर हवाच, कारण तो दोर बारीक व मजबूत असला तरी अपारदर्शक असतो, फारसा ताणला जात नाही आणि दगडावर चटकन कापला जातो. पाणवेलीत आमिष म्हणून रबरी बेडूक फिरवून मरळ धरताना मात्र जाड ब्रेडेड थेट बांधावा, कारण तिथे लीडर जोडण्याची गाठ वेलीत अडकते.

लीडर मुख्य दोरापेक्षा थोडा कमी ताकदीचा घ्यावा. वीस पौंड ताण सोसणाऱ्या दोराला पंधरा पौंडांचा चालतो. गळ दगडात अडकल्यास लीडरच तुटतो, रिळावरचा दोर वाचतो आणि पाणपक्ष्यांच्या पायांत गुंतणारे लांब तुकडे पाण्यात कमी राहतात. फ्लुरोकार्बन ताठ असल्यामुळे दोन दोर डबल युनी गाठीने (यात प्रत्येक दोराचे टोक दुसऱ्या दोराभोवती गुंडाळून आवळतात) जोडून, ती गाठ ओली करून सावकाश आवळावी. कोरडी आवळल्यास घर्षणाच्या उष्णतेने दोर तिथेच दुबळा होतो.